झाडून घेतलेलं जंगल

एखादा जीव खरोखर धोक्यात आला आहे, हे ओळखायची खूण सोपी असते : त्याच्यापेक्षा त्याच्या समितीची संख्या जास्त भरते. करड्या पाठीचे ते रानपक्षी उरले होते अकरा. समितीत सदस्य होते सतरा (निमंत्रित वेगळे).

जुन्या जंगलातून रस्ता जायचा होता. रस्ता वळवण्यापेक्षा पक्षी वळवणं सोपं, हे सर्वानुमते ठरलं. वनरक्षकाने पेट्या मांडीवर घेऊन, एकही धक्का न लागू देता, अकराही पक्षी नव्या जंगलात आणले.

पाहुणे येणार म्हटलं की लोक घर झाडून घेतात. उद्घाटनासाठी समितीने जंगल झाडून घेतलं. पाचोळा पोत्यांत गेला, बुंध्यांना चुना लागला आणि कुजके ओंडके उचलले गेले. पक्षी जगत होते ते त्या ओंडक्यांतल्या अळ्यांवर.

"साहेब, थोडं कुजकं लाकूड टाकू द्या. पाखरं उपाशी मरतायत," वनरक्षक म्हणाला.

"अहो, फोटोवाले येणारेत! लोक काय म्हणतील?" अध्यक्ष म्हणाले.

आठवड्यात तीन पक्षी मेले ('योजनेस सहकार्य केले नाही'). दोन जुन्या जंगलाकडे उडाले ('विनापरवानगी गैरहजर'). उरलेल्यांना 'आहाराविषयी मार्गदर्शन करण्यात यावे' असा ठराव झाला.

पक्षी उरले सहा. शेवटी वनरक्षकाने आणि त्याच्या बायकोने हातगाडीवरून कुजके ओंडके आणून योजनेच्या भल्यामोठ्या फलकामागे रचले. सदस्य फोटोसाठी नेहमी फलकाच्या पुढे उभे राहत. मागे काय आहे, हे बघायचं कुणाच्या कामात बसत नव्हतं. (फलकावर दुसराच पक्षी होता. आपला दिसायला बेताचा.)

पुढच्या पाहणीत समिती अर्धा तास फलकापुढे उभी राहिली. एकही पक्षी दिसला नाही. योजना अयशस्वी ठरवून समिती बरखास्त झाली आणि सतराही सदस्यांचं कासवांच्या समितीत सुखरूप स्थलांतर झालं.

महिन्याभरात फलकामागे पिल्लं चिवचिवू लागली.

"वर कळवायचं का हो?" बायकोने विचारलं.

"वेडी आहेस का? झाडू घेऊन येतील परत."

आणि त्याने नोंदवहीत लिहिलं : 'पक्षी – निरंक.'

आज तिथे एकोणीस पक्षी आहेत. वाचून तुम्हालाही बरं वाटलं असेल. एखाद्या रविवारी मुलाबाळांना घेऊन बघून यावं, असं मनात आलं असेल. गाडी कुठे लावता येईल, इथवर विचारही गेला असेल. जंगलाचा पत्ता मुद्दामच दिलेला नाही. समितीची धास्ती वनरक्षकाने केव्हाच सोडली; आता त्याला धास्ती आहे ती तुमची.