आधी पोट, मग पूजा

पंचवटीत गाडीची पूजा करायची तर हार, नारळ आणि लिंबू लागतं. वामनगुरुजींना यांशिवाय एक पोतंही लागतं. ते गाडीखाली अंथरायचं, धोतराचा काचा घट्ट खोचायचा आणि पाठीवर सरपटत आत शिरायचं. बाहेर उरतात फक्त दोन पाय. बिचारा यजमान त्या पायांनाच हात जोडून उभा.

मग आतून ठोकल्याचा आवाज येतो. ठोकायला आचमनाची पळी. 'टण' वाजलं तर पूजा. 'भद' वाजलं तर गुरुजी बाहेर येऊन शेंडीतला गंज झटकणार आणि म्हणणार, "यजमान, वरून कीर्तन, खालून तमाशा!"

नवीकोरी गाडीसुद्धा सुटत नाही. घोटीचा एक तांदूळवाला अशीच नवी गाडी घेऊन आला होता. तिचं पोट खाली, गुरुजींचं वर. गुरुजी मध्येच अडकले. चौघांनी पाय धरून ओढले तोवर मुहूर्त टळला. "मुहूर्त परत येतो," गुरुजी धापा टाकत म्हणाले, "पत्रा येत नाही!" तांदूळवाला शेजारच्या गुरुजींकडे गेला. आता बहुतेक सगळे तिकडेच जातात.

मी किनवटचा. आठवीत शाळा सोडून इकडे आलो, पाच वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांवर भाजी पोचवली आणि शेवटी स्वतःची जुनी व्हॅन घेतली. ती चालली तर नाशकात टिकणार, नाही तर परतीची बस. वामनगुरुजींकडे रांग नव्हती म्हणून त्यांच्याकडे गेलो. रांग का नाही, हे विचारायची अक्कल नव्हती.

विकणाऱ्यानं व्हॅनला खालून काळाकुळकुळीत रंग मारून दिला होता. मी तो मोठ्या तोऱ्यात दाखवला. गुरुजी आत गेले. भद. भद. आणि पुढच्या ठोक्याला पळी पत्रा फोडून माझ्या सीटपाशी वर आली.

"गाढवा, गंजावर रंग म्हणजे मढ्याला उटणं! पाणी निघायची भोकंपण बुजवलीत. आत पाणी साचणार, पत्रा खाणार. पूजा होणार नाही."

मला रडूच आलं. "मग गाडी चालवू कशी, गुरुजी?"

"चालवू नकोस. उद्या दुपारी ये. तारेचा ब्रश आण."

नऊ दुपारी आम्ही दोघं त्या व्हॅनखाली आडवे. गंज खरवडला, सडका पत्रा कापून वेल्डरकडून नवा लावून घेतला, वर लाल प्रायमर, मग काळा थर. ब्रश भोकाजवळ गेला की पळी माझ्या बोटांवर. शाळेतले मास्तर परवडले! येणारेजाणारे विचारायचे, "गुरुजी, भाजीवाल्याच्या गाडीखाली काय बघताय?"

"तुझ्या डोक्यात बघण्यासारखं काही नाही, म्हणून इथं बघतोय."

एकदा खाली असतानाच त्यांचा फोन वाजला. मुलगा कॅनडात असतो. गुरुजींचा आवाज एकदम मऊ झाला. "बरी आहे रे तब्येत. तिकडं बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात ना? मीठ गाडीचं पोट खातं. खाली वाकून बघतोस ना? अरे, एकदा तरी..."

फोन बंद झाला होता. गुरुजींनी ब्रश उचलला आणि घासून चकचकीत झालेलाच पत्रा पुन्हा घासू लागले.

दहाव्या दिवशी पळी टणटण वाजली. टायरखाली लिंबू ठेवलं, माझ्या हातावर पाणी आलं.

"गोत्र?"

शाळेच्या अर्जातल्या रिकाम्या रकान्याचीही मला अशीच भीती वाटायची. आमच्या घरात गोत्राचं कधी कुणी बोललंच नव्हतं. वाटलं, आता पूजा परत अडणार.

"माहीत नाही, गुरुजी."

"वत्स म्हण."

नारळवाल्या मावशी पटकन म्हणाल्या, "अहो, माहीत नसलं की काश्यप लावतात ना? वत्स तर तुमचं!"

"माझंच आहे," गुरुजी नारळ उचलत म्हणाले. "इथं दुसरं कोण वापरतंय?"

नारळ फुटला. मी किल्ली लावली आणि समोर बघतो तर गुरुजी गायब. खाली उतरलो. व्हॅनखालून दोन पाय बाहेर आलेले होते.

मी हात जोडले.