शमुवेलरावांनी टेकडी फोडली

शास्त्रात जे वाचतो ते लगेच करून बघणारा माणूस शेजारी असू नये. आमच्या कात्रपच्या सोसायटीत आहे. शमुवेल पगारे.

नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांना त्यांच्यात आगमनकाळ म्हणतात. प्रभू येणार, तयारीत राहा, असे पाठ रोज वाचायचे. वाचा की! पण एकट्याने वाचलेलं यांना लागू पडत नाही. बरोबर चहाच्या वेळेला दुसऱ्या मजल्यावरून उतरून आमच्या तळमजल्याच्या दारात हजर.

"म्हात्रेभाऊ, पाठ वाचतो. मग मनन करू."

"मनन तुम्ही करा. मी चौथी शिकलेला माणूस, मला चहा पिऊ द्या."

आतून माझी बायको हिरा म्हणते, "वाचा हो भाऊ, यांचं नका ऐकू."

अर्धांगवायू झाल्यापासून हिरा चाकाच्या खुर्चीत असते. दारापुढे तीन पायऱ्या, पुढे गेटापर्यंत खड्डेच खड्डे. गेटाशी जाऊन जरा उन्हात बसावं, एवढंच तिचं मागणं. बिल्डिंगमधली पोरं म्हणाली, आम्ही उचलून नेतो. मी सांगितलं, माझी बायको म्हणजे सिमेंटची गोणी नाही. मी नेईन. अजून नेता आलं नाही, ती गोष्ट वेगळी.

पहिल्या आठवड्यात पाठ आला, जागे राहा. दुसऱ्या दिवशी पहाटेच बेल. दारात आंघोळ करून, मफलर गुंडाळून शमुवेलराव.

"जागे आहात ना?"

"तुमच्यामुळे!"

पुढच्या आठवड्यात यशया संदेष्ट्याचा पाठ. देव येणार आहे, त्याची वाट तयार करा. खोलगट असेल ते भरा, टेकडी असेल ती सपाट करा. माझं डोकं फिरलं. "नुसतं वाचून होतंय का? फावडं घ्या हातात!"

असं या माणसाला बोलायचं नसतं.

सकाळी धाडधाड आवाज. गेटाच्या आतला नवाकोरा स्पीडब्रेकर शमुवेलराव पहारीने फोडत होते. आणि राडारोडा घमेल्याने आणून कुठे टाकत होते? माझ्या पायऱ्यांवर!

सेक्रेटरी लालवाणी बनियनवरच धावत आले. "अरे पगारेसाहब, किसने बोला तोडने को?"

"यशयाने."

"कौनसे विंग में रहता है?"

मी ओरडून घसा बसवला. "माझ्या दारात उकिरडा केलात! उचला आधी!"

"खोलगट होतं, भरलं," म्हणाले, आणि पुढचं घमेलं ओतलं. मग वाटेतले खड्डे भरले. मग पायऱ्यांवर सिमेंट. मी आपल्याच घरात फळीवरून ये-जा करत होतो.

नाताळाआधीच्या रविवारी बघतो तर पायऱ्या गायब, दारापासून खालपर्यंत सरळ उतार. "आधी माझ्यावर करून बघा," म्हणून शमुवेलरावांचं ते धूड हिराच्या खुर्चीत बसलं. मी मागून धरली. खाली पोचेपर्यंत माझ्या तोंडून जे निघालं ते कुठल्याच शास्त्रात नसेल.

मग हिराला बसवलं. उतारावरून खाली, वाटेने गेटापर्यंत. तिने पदर सारखा केला आणि तोंड उन्हाकडे केलं.

"वहिनी, धक्का बसला का?"

"नाही भाऊ."

"सुशीलाला बसायचा."

सुशीला त्यांची बायको. जाऊन दोन वर्षं झाली.

"चौघं मिळून खुर्चीसकट उचलायचे तिला. ती डोळे गच्च मिटून घ्यायची. मग एक दिवस म्हणाली, नको मला खाली. खिडकीतून दिसतं की सगळं." एवढं बोलून ते वळले आणि उताराच्या काठावर मगाने पाणी मारायला लागले.

मी खुर्ची घराकडे वळवायला लागलो.

"थांबा हो," हिरा म्हणाली. "भाऊ, मला जरा कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत न्याल?"

शमुवेलरावांनी माझ्याकडे बघितलं.

मी खुर्चीच्या मुठी सोडल्या.