भाऊजींचे खिसे

आमचे भाऊजी घरात शिरण्याआधी उंबऱ्याबाहेर उभे राहून पँटचे खिसे उलटे करीत. मग मोजे काढून झटकीत. ताई खाली सूप धरून उभी असे. ती "साफ हाय, या" म्हणाली की मगच त्यांचं पाऊल आत पडे. नव्या पाहुण्यांना वाटे, माणूस जुगारात हरून आलाय.

कारण त्यांची करडई. अकोल्याच्या एका संशोधन केंद्रात, जाळीच्या आत, भाऊजी माणसाचं जनुक घातलेली करडई वाढवत होते. तिच्या बियांत इन्सुलिन तयार व्हावं, असा प्रयोग. यातलं एखादं बी बाहेर जाऊन कोणाच्या वावरात रुजेल, हा त्यांचा धसका.

"झाड कोठी जात नाई, बाबू," ते मला बजावत. "बी जाते. खिशात बसून जाते."

बाजारात करडईची कोवळी भाजी दिसली की जुडी हातात घेऊन, बी कुठलं, वावर कोणाचं, शेजारी काय पेरलं, अशी चौकशी सुरू. एकदा भाजीवाली वैतागली. "साहेब, भाजी घेता का सोयरीक जुयवता?" भाजी अर्थातच घरी आली नाही. ताईला ती फार आवडे. मग मी अमरावतीहून लपवून नेत असे.

ताईला मधुमेह होता. "तुमची करडई खाल्ली तं माही सुई वाचन का?" ती मुद्दाम विचारी. भाऊजी गंभीरपणे समजावत, की खाल्लेलं इन्सुलिन पोटातच पचून जातं. ते बियांतून काढून, शुद्ध करून, सुईनंच घ्यावं लागेल.

"मंग फायदा काय?"

"तुले कधी कमी पडनार नाई."

एवढं बोलणारा हा माणूस, ती सुई टोचून घेऊ लागली की मागच्या अंगणात जाऊन उभा राही.

बियांत इन्सुलिन उतरलं, पण फार थोडं. उन्हाळ्यात ताई गेली. पुढं प्रयोग बंद झाला, आणि नियमाप्रमाणे भाऊजींनी सगळी झाडं बियांसकट स्वतः जाळली. मूठभर बी तरी ठेवायचं होतं, असं मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी माझेच खिसे चाचपले.

परवा अकोल्याला गेलो होतो. मी आत वाचत बसलो असताना भाऊजी दूध घेऊन आले. पिशवी खाली ठेवली, खिसे उलटे केले. आता पडण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तरी ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

मला जरा उशिरा उमगलं. पुस्तक मिटून मी सूप आणलं आणि त्यांच्यासमोर धरलं. एरवी ते आत कसे येतात, हे विचारण्याचं धैर्य झालं नाही.

"साफ हाय," मी म्हणालो. "या, भाऊजी."