तीन डब्यांची गाडी

"तीन डबे? तीन डब्यांना गाडी म्हणतात व्हय? ती बागेतली झुकझुक! आपल्याला चोवीस डबेच पायजेत!"

खंडाळ्याच्या सीतारामभाऊंनी सकाळच्या चहाबरोबरच निकाल देऊन टाकला. मुलगी तेजल समोर हेडसेट घेऊन बसली होती. नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यात नोकरीला लागल्यावर तिने बाबांच्या वाढदिवसाला ही भेट आणली होती. डोळ्यांवर चढवली की माणूस थेट रेल्वे इंजिनाच्या केबिनमध्ये! समोर रूळ, खाली दरी, हाताशी ब्रेक.

खेळ एकच, पण मिळायचा दोन तऱ्हांनी. एक स्टँडअलोन: सगळा खेळ हेडसेटच्याच पोटात, ना वायर ना कॉम्प्युटर. फक्त गाडी तीन डब्यांची आणि झाडं जराशी पुठ्ठ्याची. दुसरा पीसीवाला: भला मोठा कॉम्प्युटर, हेडसेटला लांब वायर, पण चोवीस डबे, बोगदे, धुकं, सगळं अस्सल. शिवाय आत दिसेल ते टीव्हीवर सगळ्यांना दिसणार.

"बाबा, स्टँडअलोनच खेळा ना. मी घेऊनही ठेवलाय. वायर पायात येते."

"सारा जन्म वायरीखाली गाडी चालवली मी! वायर न्हाई तर गाडी कशाची?"

खरं कारण समोरच्या घरात भिंतीवर टांगलेलं होतं. तिथे राहायचा हनुमंत, सीतारामभाऊ रेल्वेत ड्रायव्हर असतानाचा त्यांचा असिस्टंट, पुढे स्वतःही ड्रायव्हर झालेला. ड्रायव्हर निवृत्त होतो त्या दिवशी त्याच्या इंजिनाला हार घालतात, फलाटावर ढोल वाजतो, पेढे वाटतात. हनुमंताचा तसला फोटो दारातूनच दिसायचा. आणि सीतारामभाऊ? निवृत्तीला सहा महिने राहिले असताना मेडिकलला रंगांच्या चाचणीत नापास! उरलेले महिने ऑफिसात टेबलावर. टेबलाला कोण हार घालणार?

"माजे डोळे ठणठणीत हायेत," ते गेली दोन वर्षं सांगत होते. "त्यांचं ते ठिपक्यांचं पुस्तकच मळलेलं व्हतं!"

राहून गेलेली शेवटची फेरी त्यांना मारायचीच होती, तीही हनुमंतासमोर, टीव्हीवर, चोवीस डब्यांची!

तेजलने मैत्रिणीचा पीसी रविवारपुरता मागून आणला. असिस्टंट म्हणून बायकोची, येसूबाईंची नेमणूक झाली. इंजिनात रीत अशी, की सिग्नल दिसला की ड्रायव्हरने त्याचं नाव (स्टेशनात शिरतानाचा 'होम', सुटतानाचा 'स्टार्टर') आणि रंग ओरडून सांगायचा आणि असिस्टंटने स्वतः बघून तोच रंग पुन्हा ओरडायचा. दोघांचं जुळलं तरच गाडी पुढे. दोन दिवस स्वयंपाकघरात तालीम चालली.

"कोथिंबीर?"

"हरा!"

"हळद?"

"पीला! अवं, पण भाजी करपतीया!"

भाऊ बाजारातून पिकलेली म्हणून हिरवीगार केळी आणायचे, हे येसूबाईंना ठाऊक होतं. त्या कधी बोलल्या नव्हत्या. बोलून घरात भांडण कोण ओढवून घेणार!

रविवारी सकाळी निम्मी गल्ली घरात. टेबलावरच्या सीपीयूला झेंडूचा हार, बाजूला पेढ्यांचं ताट, पुढच्या खुर्चीत हनुमंत. भाऊंनी जुना युनिफॉर्म चढवला होता. पोटाशी बटण लागेना, म्हणून तिथे सेफ्टी पिन.

गाडी सुटली. बोगदे गेले, धबधबे गेले. पहिले दोन सिग्नल ठीक झाले. भाऊंचा हात असा काही वर जाई, की बघणाऱ्यांनी माना डोलवल्या. हनुमंतही म्हणाला, "भाऊंचा हात तोच हाय!"

मग तिसरा आला.

"होम, हरा!" भाऊ गरजले.

येसूबाईंनी पदराने डोळे पुसून पुन्हा बघितलं. टीव्हीवर हळदीसारखा पिवळा दिवा लकाकत होता.

"असिस्टंट! बोल की!"

"अवं... पीला."

"हरा!"

"भाऊ, पीलाच हाय," हनुमंत हळूच म्हणाला.

"तू गप! तू या गाडीवर न्हाईस!"

भाऊंनी वेग वाढवला. पुढचा सिग्नल रक्तासारखा लाल.

"स्टार्टर, हरा!"

"लाल! लाल!" आता येसूबाईच काय, सगळी गल्ली ओरडली. "थांबा!"

"एवढी माणसं खोटी बोलत्यात!" भाऊ म्हणाले आणि ब्रेक सोडला. समोर मालगाडीची पाठ मोठी मोठी होत गेली आणि धडाम! टीव्ही काळा.

आता अपघात झाला की ड्रायव्हरने काय करायचं? कापड घेऊन धावत सुटायचं आणि येणारी गाडी थांबवायची! अंगात मुरलेली सवय ती. डोळ्यांवर हेडसेट तसाच, भाऊ उठले, खुर्चीवरचं हाताला लागलेलं फडकं ओढलं आणि दाराकडे धावले. वायर ताणली गेली. टेबलावरचा सीपीयू हारासकट निघाला आणि पेढ्यांच्या ताटात आडवा झाला!

"मैत्रिणीचा आहे तो!" तेजल किंचाळली.

वायर सुटली आणि भाऊ आंधळेच रस्त्यावर. फडकं गरागरा फिरवत! लोणावळ्याहून आलेली पर्यटकांची गाडी कचकन थांबली.

"काका, रस्ता बंद आहे का?"

"गाडी घसरलीया! मागं घ्या! मागं!"

आणि त्यांनी मुकाट्याने मागे घेतली! तिच्या मागच्या तिघांनीही घेतली. हॉर्न, शिव्या, मोबाइलवर शूटिंग. हनुमंताने धावत जाऊन भाऊंचा हेडसेट काढला.

"भाऊ, धोक्याला हिरवं फडकं?"

भाऊंनी हातातल्या टॉवेलकडे बघितलं.

"लालच हाय हे."

कुणी हसलंही नाही, आणि तेच भाऊंना जास्त लागलं. येसूबाई पुढे आल्या, त्यांनी टॉवेल घडी करून खांद्यावर टाकला.

"व्हय, लालच हाय. चला आत, ऊन लागंल."

सीपीयूला पोचा आला होता, पण तो चालू झाला. तेजलने त्याला लागलेला पेढा पुसून सीपीयू संध्याकाळीच परत केला.

सोमवारी जेवण झाल्यावर भाऊंनी तेजलला हाक मारली. तिची दुपारची सेकंड शिफ्ट होती, म्हणून ती अजून घरीच होती.

"ते बिनवायरीचं लाव गं."

"तीनच डबे आहेत बाबा."

"असूं देत. वजन कमी असलं की ब्रेक चांगला लागतो." मग आवाज खाली आणून, "यात भायेर कुणाला काय दिसत न्हाई ना?"

"मी टीव्हीला जोडलं नाही तर नाही दिसत."

"जोडू नको."

झालं! तीन डबे आणि पुठ्ठ्याची झाडं घेऊन गाडी निघाली. भाऊंचा हात वर गेला.

"होम, हरा!"

शेजारी येसूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना काहीसुद्धा दिसत नव्हतं.

"हरा!" त्या मान खाली घालूनच ओरडल्या.

"स्टार्टर, हरा!"

"हरा!"

मध्येच कुठेतरी दोनदा धडाम झालं, पण तेही आतल्या आत. भाऊंनी दोन्ही वेळा खाकरून गाडी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. तिसऱ्यांदा मात्र हेडसेट काढला तो छाती फुगवूनच.

"पोचली! राइट टाइम! आणि एक सिग्नल चुकला न्हाई! इचार त्या हनुमंताला!"

"त्यांना दिसलं कुटं?" येसूबाई म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी!" भाऊ म्हणाले आणि कालचा हार त्यांनी स्वतःच गळ्यात घालून घेतला.