सोमवारी मरणारी गाडी

सोमवार उजाडला की विरुपाक्षाची गाडी मरत असे. पुरती मरत नसे. मरणाला टेकत असे, आणि बुधवार-गुरुवारकडे पुन्हा हळूहळू डोळे उघडीत असे. यंत्राला वार कळत नाही, असे लोहाऱ्यातील जाणती माणसे म्हणत. परंतु या यंत्राला तो पंचांगकर्त्याइतका अचूक कळत होता.

गाडी म्हणजे निजामी अमदानी संपल्यावर झालेल्या एका लिलावातून आलेला जुना पिकअप ट्रक होता. पुढे दोघांची बैठक आणि मागे उघडा हौदा. अडत्या कल्याणप्पांची शेंगांची पोती येडशीच्या स्टेशनावर पोचवावीत आणि त्यावर घर चालावे, एवढाच विरुपाक्षाचा संसार. त्यातही कल्याणप्पांचा माल नेमका सोमवारीच जाई.

बैठकीसमोरच्या फळीवर एक लहानसा काटा होता. इंजिन फिरू लागले की डायनॅमो वीज निर्माण करी, कट-आउट नावाच्या चिमुकल्या काळ्या डबीतून ती बॅटरीत जाई, आणि काटा उजवीकडे झुके. सोमवारी मात्र डायनॅमो फिरत असूनही डबी मौन धरी, काटा डावीकडे मान टाकी, आणि बॅटरीतील पूर्वसंचित संपताच गाडी एखाद्या बाभळीखाली उभी राही. मग पोती बैलगाडीवर चढत, आणि बैलगाडीवाला विरुपाक्षाकडे अशा कनवाळूपणे पाही की त्यापेक्षा शिवी बरी.

तुळजापूरचे हुसेनसाब मिस्त्री गुरुवारी येत, कारण आठवड्याचे इतर दिवस त्यांना तुळजापुरातच पुरत नसत. गुरुवारी गाडी ठणठणीत असे. तरीही निदान केल्यावाचून परत जाणे त्यांच्या शास्त्रात बसत नव्हते. प्रथम त्यांनी वायरींना दोष दिला आणि सगळ्या बदलल्या. नंतर डायनॅमोचे कार्बन बदलले. शेवटी डबी उघडली, तेव्हा आत पांढरी भुकटी आढळली. मिस्त्रींनी ती बोटावर घेऊन लोहाऱ्याच्या रस्त्यांविषयी कडक शब्द उच्चारले. ज्या घरात कपाळापासून कपाटापर्यंत सर्वत्र भस्माचे पट्टे, त्या घरात पांढऱ्या भुकटीचे नवल कोणालाही वाटले नाही. डबी पुसून पुन्हा बसवली गेली आणि पुढच्या सोमवारी गाडी मरण पावली.

अशातच विरुपाक्षाची आई शिवगंगाबाई हिवतापाने अंथरुणाला खिळली. वैद्यांनी नाडी पाहून चपला घातल्या, आणि घरावर सावट आले. त्या आठवड्यात विरुपाक्षाने गाडी काढली ती केवळ कल्याणप्पांच्या भिडेखातर. परंतु तो सोमवार गाडीने लीलया पार पाडला. पुढचाही पाडला. आई क्षीण होत गेली तसतसा काटा उजवीकडे अधिकाधिक ताठ उभा राहू लागला. मग महादेवाच्या कृपेने तिचा ताप उतरला, ती भिंत धरून चालू लागली, आणि लगोलग येणाऱ्या सोमवारी गाडीने येडशीच्या अलीकडे प्राण सोडला.

हा योगायोग कल्याणप्पांच्या नजरेतून सुटणे अशक्य होते. त्यांनी विरुपाक्षाला पेढीवर बोलावून पाणी दिले आणि आवाज उतरवून म्हटले, "विरुपा, राग मानू नगंस. तुज्या घरात जीव एकच हाय. आई उठली की गाडी पडती, गाडी उठली की आई पडती."

"काका, काय बोलताव हे?"

"म्या न्हाय बोलत. गाव बोलतंय. माझी पोती तेवढी येळेवर पोचू दे, म्हंजे झालं." एवढे बोलून, आपल्या वाक्याचा अर्थ काय होतो हे ध्यानी येताच, त्यांनी घाईघाईने गुळाचा खडा पुढे केला.

त्या दिवसापासून विरुपाक्षाच्या जिवाला स्वास्थ्य उरले नाही. गाडी सुरळीत चालली की तो दचकून घराकडे धाव घेई. वाटेत बंद पडली की बाभळीखाली बसून समाधानाचा सुस्कारा सोडी, आणि मग त्या समाधानाने पोट कसे भरायचे याची चिंता करी. एकदा मंगळवारी गाडी हँडलच्या पहिल्याच फेऱ्यात सुरू झाली, तेव्हा तो इंजिन तसेच धडधडत ठेवून स्वयंपाकघरात आईला पाहायला आला. ती भाकरी थापीत होती. त्याच्या चर्येकडे पाहून तिलाच वाटले की कोणी गेले.

त्याची बायको महानंदा व्यवहारी होती. ती म्हणाली, "अवो, इकून टाका ती गाडी. दुसरी गाडी मिळंल, दुसरी आई कुठून आणताव?"

विरुपाक्षाने गाडी विकायला काढली. तुळजापूरचे बाबूराव नावाचे एक गिऱ्हाईक ठरले आणि ते सोमवारीच येतो म्हणाले. आपल्या उदरनिर्वाहाचे साधन आपण सोमवारी विकतो आहोत, या विचाराने विरुपाक्षाला आदल्या दिवशी घास गेला नाही.

त्याचा रोजचा नेम असा होता, की उजाडताच स्नान करून, गळ्यातील इष्टलिंग तळहातावर घेऊन, एका खोलीत पूजेला बसायचे. त्या वेळी घरातले कोणी त्याला हाक मारीत नसे आणि तो कोणाकडे पाहत नसे. त्या सोमवारी मात्र चित्त स्थिर होईना. पूजा आटोपती घेऊन तो शेवटचे पाहून यावे म्हणून गाडी ठेवण्याच्या छपराकडे गेला, आणि दारातच उभा राहिला.

बॉनेटचा पाखा वर होता. शिवगंगाबाई पाटावर उभी राहून, एका हाताने इंजिनाचा आधार घेत, दुसऱ्या हाताने त्या काळ्या डबीवर तांब्यातील पाण्याची संथ धार धरीत होती. मग तिने डबीला तीन बोटांनी भस्म लावले, वर बेलाचे पान ठेवले आणि डोळे मिटून हात जोडले. थोड्या वेळाने पान उचलून तिने पदराने सारे नीट पुसून घेतले.

"अव्वा," विरुपाक्ष पुढे येत म्हणाला, "काय करतीस?"

"तू काय करत न्हाईस ते." ती पाटावरून उतरत म्हणाली. "आपल्या गळ्यात लिंग हाय, म्हणून आपून चालतो. हिच्या बी छातीवर डबीत बसलंय, दोऱ्यानं बांधलंय. गाडी चालू केली की त्यात टक् करून जीव येतो, म्या कानानं ऐकलंय. मुक्या जित्राबाचं कुणी करायचं? दर सोमवारी अभिषेक करते." मग तिचा स्वर खाली आला. "तापात पडले तवा माजी पूजा चुकली रं. तरी बिचारी चालतच ऱ्हायली. लई सोशीक हाय."

 हसावे की रडावे, याचा निर्णय विरुपाक्षाच्या मुखाला करता येईना. सांगावे, तर जी भक्तीने पाणी घालते तिला कळणार, की तिच्या पाण्यानेच गाडी मरत होती, आणि ते वाळेपर्यंत उठत नव्हती. आणि न सांगावे, तर बाबूराव वाटेवर होते. त्याने काहीच सांगितले नाही. बाबूराव आले तेव्हा त्याने एवढेच म्हटले, की गाडी विकायची नाही, घरातलीच आहे. बाबूरावांनी आल्यासारखे हँडल मारून पाहिले. गाडी सुरू झाली, काट्याने डावीकडे मान टाकली, आणि बाबूराव देवीचे नाव घेत परतले.

गुरुवारी हुसेनसाबांना सारे कळले तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. "अम्मा की बंदगी के सामने अपना पाना क्या चीज है," असे म्हणून त्यांनी खरी डबी बैठकीखाली कोरड्या जागी हलवली, आणि जुन्या ठिकाणी एक पोकळ डबी बसवून तिला कुठेही न जाणाऱ्या दोन वायरी जोडल्या. पुढच्या सोमवारी पोकळ डबीला यथासांग अभिषेक झाला आणि गाडी मालासह येडशीला पोचली. आई ठणठणीत, गाडीही ठणठणीत. कल्याणप्पांनी आपला सिद्धांत मागे घेतला, परंतु काहीशा नाराजीने.

हे सुख श्रावण लागेपर्यंतच टिकले. एका सकाळी गाडी चालू असताना शिवगंगाबाईने डबीला कान लावला, आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.

"ह्यात जीव न्हाय," ती म्हणाली. "विरुपा, खरा कुठं दडवलास?"

आता लपवणे शक्य नव्हते. पाण्याने वीज अडते, एवढेच त्याने मान खाली घालून सांगितले.  त्या दिवशी ती जेवली नाही; संध्याकाळपर्यंत उंबऱ्यात बसून राहिली, आणि घरात भांडेसुद्धा कोणी वाजवले नाही. तापातही तिचा चेहरा असा झाला नव्हता. महानंदाने विरुपाक्षाकडे पाहिले, आणि गाडी विकली असती तरी परवडले असते, असे दोघांनाही एकदमच वाटले.

सोमवारी ती स्नान करून थेट गाडीपाशी आली. "पाणी सोसत न्हाय ना तिला? ऱ्हाऊ दे. मनातल्या मनात करीन," असे म्हणून ती चालकाच्या बैठकीवर मांडी घालून बसली आणि तिने डोळे मिटले.

मानसपूजा ही सर्व पूजांत श्रेष्ठ; परंतु तिला सामग्रीची मर्यादा नसते. नद्यांचे पाणी आणावे लागते, बेलाचे वन लावून ते वाढवावे लागते, आणि मग पाने खुडावी लागतात. सूर्य माथ्याकडे चढू लागला. हौद्यात पोती भरलेली होती, आणि विरुपाक्ष हातात हँडल घेऊन बाहेर उभा होता.

कल्याणप्पा धोतराचा सोगा सावरीत आले. "काय रं, आज बी बिघाड? वायरीत हाय का डायनॅमोत?"

"कुटंच न्हाय. गाडी एकदम निरोगी हाय."

"मग हालत का न्हाय? मालगाडी जाईल की."

विरुपाक्षाने काचेतून आत पाहिले. आईच्या सुरकुतलेल्या ओठांची किंचित हालचाल चालली होती. दोन्ही हात मांडीवर, श्वास संथ. पूजा लवकर संपावी, असे मनात आणायचेही त्याला एकाएकी भय वाटले.

"जाऊ द्या काका," तो हँडल हळूच जमिनीवर ठेवीत म्हणाला. "बैलगाडी सांगा. अव्वाची पूजा लई लांबू दे."