पाहुण्याचा कोट

थोरल्या मुलीला जुळं झालं आणि दोघांना एकाच पाळण्यात झोपवायचं की दुसरा पाळणा आणायचा यावरून घरात दोन तट पडले, त्या वर्षीच्या हिवाळ्यातली ही हकिकत. टेलरमास्तर तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. दोन्ही तटांनी त्यांना बाजूला ठेवलं होतं, कारण पाळणा एक असो की दोन, गादीचं कापड आपणच कापणार असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. आणि मास्तरांनी काही कापायचं म्हटलं की अलीकडे घरचे घाईने विषय बदलायचे.

त्याला कारण होतं. त्याच हिवाळ्याच्या तोंडाला मास्तरांनी एका वकिलाचा कोट कापला होता. पन्नास वर्षांच्या सवयीने डोळे अर्धे मिटून, गाणं गुणगुणत कापला. आणि पुढचे दोन्ही भाग निघाले डाव्या बाजूचे! मुलाने कसेबसे ते जोडले. वकील तो घालून आरशासमोर उभा राहिला, तर तो एकाच वेळी येतोय आणि जातोय असं दिसत होतं!

"बाबा, आता आराम करा," मुलगा म्हणाला. एवढंच म्हणाला, पण कात्री उचलून कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली आईकडे दिली.

मास्तर चार दिवस जेवले नाहीत. म्हणजे घरच्यांसमोर जेवले नाहीत. मग डॉक्टरांनी नाडी बघून सांगितलं, रोज सकाळी तासभर बागेत चाला. तेव्हा मास्तरीणबाईंनी तोड काढली. घरात त्यांचा शब्द शेवटचा असे.

"महिनाभर चालायचं. तीस दिवस. सुईला हात लावायचा नाही, कात्रीला लावायचा नाही. एवढं जमलं तर मी मुलाला सांगेन. दर सोमवारी कापायला तुम्ही बसायचं."

"लेखी देतेस?"

"तोंडी देतेय तेच खूप आहे."

एकोणतिसाव्या दिवशी सकाळी बागेच्या फाटकातून आत शिरताना मास्तरांची छाती अशी फुगली होती की स्वेटरचे टाके ताणले गेले. "अगं, सुयांचा डोंगर रचून ठेव माझ्यासमोर! वळून बघणार नाही! माणसाचा मनावर ताबा पाहिजे. तो माझ्याकडे उपजतच आहे!"

"बरं," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांनी निघताना मास्तरांचे चारही खिसे तपासले होते. मफलरही स्वतःच्या हाताने गुंडाळला होता. मफलरच्या आत मोजपट्टी होती, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

थंडी मी म्हणत होती. तळ्यावरचं धुकं अजून उठलं नव्हतं. बाकं दवाने भिजलेली, गुलाब गुडघ्यापर्यंत छाटलेले, हिरवळीवर व्यायामाची मंडळी दोन्ही हात वर करून उभी, जणू कुणी त्यांच्यावर पिस्तूल रोखलंय! मास्तरीणबाईंनी पिशवीतून वर्तमानपत्र काढलं, बाकावर पसरलं आणि बसल्या. गुडघ्यांमुळे त्या चालत नसत. मास्तरांनी तळ्याला फेऱ्या मारायच्या आणि त्यांनी दर फेरीला एक बोट दुमडायचं, असा रिवाज होता.

पहिलं बोट दुमडलं गेलं. दुसरं काही दुमडलं जाईना.

कारण तळ्याच्या पलीकडे माळ्यांनी आदल्या संध्याकाळी कोवळ्या झाडांना थंडीसाठी गोणपाट गुंडाळलं होतं. बारा झाडं. मास्तरांनी पहिलं पाहिलं आणि मान फिरवली. दुसरं पाहिलं आणि दात खाल्ले. तिसऱ्यापाशी त्यांच्या तोंडून निघूनच गेलं, "अरे, याला खांदा कुठंय?"

झाड काही बोललं नाही.

सगळ्यांत मधोमध पुरुषभर उंचीचं एक झाड होतं. ते कुठल्याशा गरम मुलखातून आलेलं. त्याचं खरं नाव कुणालाच धड उच्चारता येत नसे, म्हणून बागेतले सगळे त्याला 'पाहुणा' म्हणत. माळ्यांच्या मुकादमाने त्याला तीन हिवाळे काचघरात जपलं होतं आणि यंदा पहिल्यांदाच उघड्यावर लावलं होतं. आणि त्या पाहुण्याच्या अंगावर गोणपाट कसं? पायजम्याची नाडी गळ्याला बांधावी तसं! काखेत वारा घुसत होता, पाठीला झोळ, पोटाशी फट!

मास्तरांचे हात शिवशिवायला लागले. नुसतं माप घ्यायचं, ते म्हणाले. मापाबद्दल काही ठरलेलं नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, दोरी सोडली, गोणपाट खाली उतरवलं आणि मफलरमधून मोजपट्टी ओढली.

तेवढ्यात शिट्टी!

"ओ काका! झाडाचे कपडे काय काढताय?" रखवालदार धावत आला.

दुसरा कुणी असता तर पळाला असता. मास्तरांनी मान वरसुद्धा केली नाही. "छाती चौतीस," ते म्हणाले. "हात जरा बाजूला घे. तुझा नाही, फांदीचा."

रखवालदाराने फांदी धरली. अशा आवाजात बोलणारा माणूस वरूनच आलेला असणार! "ऑफिसने पाठवलं का? बरं झालं! मुकादम महिनाभर ओरडतोय, गोणपाट शिवायला माणूस द्या म्हणून!"

मास्तर हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. "कंबर तीस," ते म्हणाले. "लिही."

आता मास्तरांची कामाची एक पद्धत होती आणि ती त्यांनी पन्नास वर्षांत कधी मोडली नव्हती. आधी सगळ्यांची मापं. मग सगळ्यांची कापणी. शिवण त्यानंतर. एक नग शिवून झाल्यावर दुसरा कापायला घेणारा टेलर म्हणजे त्यांच्या लेखी भुरटा. तेव्हा रखवालदाराने त्यांच्या हुकमाने उरलेल्या अकरा झाडांचीही गोणपाटं उतरवली, अवजारांच्या खोलीतून दाभण, सुतळी आणि कुंपण छाटायची हातभर लांब कात्री आणली. खडू नव्हता, म्हणून वाफ्याच्या कडेच्या विटेचा तुकडा आला.

कात्री हातात आली आणि मास्तर वीस वर्षांनी लहान झाले! हिरवळीवर बारा गोणपाटं पसरली. करकर करकर आवाज घुमू लागला. व्यायामाची मंडळी हात वर ठेवूनच जवळ आली.

"आजोबा, हे काय चाललंय?"

"कोट."

"झाडाला?"

"तुम्हाला थंडी वाजते, तुम्ही स्वेटर घालता. यानं काय पाप केलंय?"

विचारणाऱ्याने हात खाली घेऊन स्वतःचा स्वेटर सारखा केला. गर्दी वाढली. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, कुणीतरी कोसळलंय आणि लोक वारा घालताहेत.

मास्तरीणबाईंना तसंच वाटलं. पाऊण तास झाला तरी दुसरं बोट उभंच! त्या उठल्या, वर्तमानपत्र विसरल्या, गुडघे विसरल्या आणि ज्या चालीने निघाल्या त्या चालीने त्या लग्नाच्या वेळीसुद्धा चालल्या नव्हत्या.

"व्हा बाजूला! माझे आहेत ते!"

गर्दी दुभंगली. मास्तर हिरवळीवर मांडी घालून बसलेले, कानावर विटेचा तुकडा, हातात दाभण, भोवती गोणपाटाचे अठ्ठेचाळीस तुकडे! बाईंनी आधी देवाचे आभार मानले आणि लगेच नवऱ्याकडे वळल्या.

"एकोणतीस दिवस! एक दिवस राहिला होता हो, एक!"

"मी सुईला हात लावलेला नाही."

"मग हातात काय आहे?"

"दाभण."

"आणि ती कात्री?"

"ती बागेची आहे. आपलं बोलणं आपल्या कात्रीबद्दल झालं होतं."

बाई काही बोलणार एवढ्यात मुकादम आला. आधी त्याने बारा झाडं पाहिली, बाराही उघडीनागडी. मग गोणपाटाचे तुकडे पाहिले. मग पाहुण्याकडे पाहिलं. त्याची पानं कडेने काळपट पडायला लागली होती. मुकादमाच्या तोंडचं पाणीच पळालं.

"कुणी केलं हे?"

"ऑफिसनं," रखवालदार म्हणाला.

"मी केलं," मास्तर म्हणाले. "घाबरू नका. कापड थोडं जाड आहे, पण पडेल चांगलं. गुरुवारी ट्रायल, रविवारी डिलिव्हरी."

"गुरुवारी?" मुकादमाचा आवाज चिरकला. "अहो, आज सोमवार आहे! झाडं गुरुवारपर्यंत अशी उभी राहणार? आज संध्याकाळी पारा खाली येणार आहे!"

"बारा नग आहेत. घाई केली की काम बिघडतं."

"तीन वर्षं, मास्तर! तीन वर्षं मी याला काचघरात माझ्या पोरासारखं..." आणि तो आडदांड माणूस खरोखरच नाक ओढायला लागला.

मास्तरांनी पहिल्यांदाच तुकड्यांवरून नजर उचलून पाहुण्याच्या पानांकडे पाहिलं. ढग भरून आले होते, वारा सुटला होता. त्यांनी दाभण हिरवळीवर ठेवलं. हातात घेतलेलं काम ते असं मध्येच कधी ठेवत नसत आणि हे मास्तरीणबाईंशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.

बाईंनी हिरवळीवर खालीच बैठक मारली. गुडघे कडकडले. "द्या इकडे सुतळी," त्या म्हणाल्या. चाळीस वर्षं दुकानातल्या प्रत्येक कोटाचे कच्चे टाके त्यांनीच घातले होते. "आणि तुम्ही हो, हात वर करून काय उभे राहिलात? खाली घ्या आणि कामाला लावा! टाका येतो का कुणाला?"

दोघांना येत होता. बाकीच्यांना दोन तासांत यायला लागला. व्यायामाची मंडळी दुपारपर्यंत घरी गेली नाहीत. मुकादम डोळे पुसत सुतळी ओवत होता. चार वाजता बारा झाडं बारा कोट घालून उभी होती. प्रत्येकाला कॉलर होती. प्रत्येकाला खिसे होते.

"खिसे कशाला?" मुकादमाने विचारलं.

"बिनखिशाचा कोट?" मास्तर म्हणाले. "मग पोतंच काय वाईट होतं!"

पाहुण्याचा कोट तर लग्नात मिरवावा असा झाला होता. दुहेरी छातीचा, दोन मोठ्या फांद्यांना दोन बाह्या, आणि छाटलेल्या गुलाबाच्या काड्या तोडून केलेली चौदा बटणं!

करार मोडला होता. घरी जाताना मास्तरांनी सोमवारचा विषय काढला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुकादम दुकानात आला. दहाही बोटांना चिंध्या बांधलेल्या. त्याने पाहुण्याचा कोट कापणीच्या टेबलावर आपटला.

"पूर्वी एक दोरी ओढली की काम होत होतं! सकाळी ऊन आलं की काढायचं, संध्याकाळी घालायचं! आता काढताना चौदा बटणं, घालताना चौदा बटणं! आणि प्रत्येक बटणाला काटे! असे बारा कोट! माझे दोन माळी सकाळपासून झाडांचे कपडे बदलताहेत! माणसं हसतात हो!"

मुलाला आईचा सोमवारचा करार ठाऊक होता, बागेतलं मात्र काहीच ठाऊक नव्हतं. त्याने कोट उलटा केला, सुलटा केला. टाके पाहिले. खांद्यावरून बोट फिरवलं. दोन्ही बाजू तपासल्या: एक डावी, एक उजवी. मास्तर दाराशी उभे होते, परीक्षेला बसल्यासारखे. मग मुलाने बाह्या एकमेकींवर ठेवल्या आणि सुस्कारा टाकला.

"बाबा, एक बाही चार बोटं आखूड आहे."

"त्याचा तो हात आखूड आहे."

"बाबा..."

"मी माप घेतलंय!"

"वकिलाचंही घेतलं होतं."

कोपऱ्यात कच्चे टाके घालत बसलेल्या मास्तरीणबाई उठल्या. "मोजपट्टी घे," त्या मुलाला म्हणाल्या, "आणि चप्पल घाल."

दुकानाला कुलूप लागलं. मुलगा, मास्तर, मास्तरीणबाई आणि कोट खांद्यावर टाकलेला मुकादम, अशी वरात बागेत पोचली. पाहुणा उन्हात उघडा उभा होता. मुलाने आधी उजवी फांदी मोजली, मग डावी. पुन्हा उजवी मोजली, पुन्हा डावी. मग कोट हातात घेऊन दोन्ही बाह्या मोजल्या. रखवालदाराने शिट्टी तोंडात धरली होती, पण वाजवली नाही.

"चार बोटं," मुलगा शेवटी म्हणाला. "बरोबर चार बोटं. सुतळीचासुद्धा फरक नाही."

"मी सांगत होतो," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पाहुण्याची आखूड फांदी थोपटली.

मुलाने मोजपट्टी गुंडाळली. आईकडे पाहिलं. आईने तळ्याकडे पाहिलं. "सोमवारी नऊला या," तो वडिलांना म्हणाला. "उशीर नको. आणि गिऱ्हाइकांच्या कोटांना बटणं दुकानातलीच लावायची."

मास्तर त्या सोमवारी आठलाच जाऊन पायरीवर बसले. त्यानंतर ते दर सोमवारी कापत राहिले आणि गिऱ्हाइकाला दोन्ही बाजू डाव्या असा कोट पुन्हा गेला नाही. एकदा दोन्ही उजव्या गेला, पण ते गिऱ्हाईक बोललं नाही. फिरायला मात्र ते रोज येत. पाहुण्यापाशी थांबत, कॉलर सारखी करत आणि मुकादमाला म्हणत, "फिटिंग बघा!" मुकादम म्हणे, "झकास, मास्तर!"

पाहुणा त्याच हिवाळ्यात मेला, कोट अंगावर चढल्यापासून अकराव्या दिवशी. मुकादमाने मास्तरांना सांगितलं नाही. रोज सकाळी तो काटे टोचून घेत त्या वाळक्या खोडाची चौदा बटणं सोडायचा आणि संध्याकाळी लावायचा, ऊन तापेपर्यंत, अडीच महिने. मास्तर त्यानंतर सहा वर्षांनी वारले, एका बुधवारी, सकाळी सहाच्या सुमाराला.