रेडकर आणि नाण्यांच्या पेटीचं प्लायवुड

जिल्हा संग्रहालयात काचपेटीला लावायचं प्लायवुड आधी माणसावर तपासत, आणि ते काम भालचंद्र रेडकरांकडे होतं. पूर्वी शिशाचा पत्रा ठेवत. पत्र्यावर पांढरी पूड धरली, की लाकडातून आम्लाच्या वाफा सुटताहेत असं समजायचं. पण पत्र्याला बोलता येत नाही. रेडकरांना येई.

प्लायवुडच्या तुकड्याबरोबर अठ्ठावीस दिवस बंद पेटीत बसायचं आणि रोज सकाळी तब्येत सांगायची. बावीस वर्षांत त्यांनी नऊ प्लायवुडं नापास केली होती. डावा कान त्यातच गेला.

या खेपेचं प्लायवुड शिशाच्या प्राचीन नाण्यांच्या पेटीसाठी होतं. तिसऱ्याच दिवशी रेडकरांच्या बोटांची पेरं पांढरी पडली.

"आंबूस वास येतोय," ते म्हणाले. "हे नापास करा, मॅडम."

रसायनतज्ज्ञ देवस्थळी मॅडमनी वहीत नोंद केली. "मध्येच पेटी उघडली तर चाचणी बाद होते, रेडकर. मग तुम्हालाच पुन्हा पहिल्यापासून बसावं लागेल."

रेडकरांना ते पटलं.

दहाव्या दिवशी पूड ओठांपर्यंत चढली. पत्नी शालिनीताई काचेपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"बास झालं आता. बाहेर या."

"नाणी दोन हजार वर्षं टिकलीत," रेडकर हळूच म्हणाले. जोरात बोललं की ओठांवरून पूड गळे. "ती माझ्या हलगर्जीपणानं जायला नकोत."

शालिनीताई संग्रहालय बंद व्हायच्या वेळेपर्यंत तिथेच बसून राहिल्या.

अठ्ठाविसाव्या दिवशी मॅडमनी पेटी उघडली. रेडकरांच्या खांद्याला हात लावला, तर बोट आत गेलं. त्यांनी ते पटकन मागे घेतलं.

"नापास ना?" रेडकरांनी विचारलं.

"नापास."

रेडकरांना फार हलकं वाटलं.

नाणी लोखंडी पेटीत गेली. रेडकरांना मात्र पेटीतून बाहेर काढता येईना, आणि त्या प्लायवुडनं त्यांचं आणखी काही बिघडणार नव्हतं. म्हणून पेटी पुन्हा बंद करून दालनात मांडली. मॅडमनी पाटी स्वतःच्या हातानं लिहिली.

रविवारी शालिनीताई आल्या. पाटी दोनदा वाचून म्हणाल्या, "'बा. रेडकर' लिहिलंय. यांचं नाव भालचंद्र."

मॅडमनी माफी मागितली आणि लगेच नवी पाटी लावली.

रेडकरांना बरं वाटलं. मान हलवायची नाही, हे त्यांच्या लक्षात होतं.